नकाशात नसलेलं राष्ट्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'देश', 'राष्ट्र' आणि 'राज्य' हे तीन शब्द आपण मराठीत अगदी सहज एकमेकांच्या जागी वापरतो. राष्ट्रगीत देशाचं असतं, राष्ट्रध्वजही देशाचा असतो. आपल्या राज्याच्या नावात 'राष्ट्र' आहे. आणि 'संयुक्त राष्ट्रे' ही जी जागतिक संघटना आहे, ती खरं पाहता राष्ट्रांची नाहीच. ती सरकारांची आहे. तिथे बसायला खुर्ची मिळते ती ज्याच्याकडे सीमा आहे, सरकार आहे आणि ज्याला इतर सरकारं ओळखतात, त्याला. रोजच्या बोलण्यात या ढिलाईनं काही बिघडत नाही. आपल्याला राष्ट्रही आहे आणि राज्यही आहे, त्यामुळे या दोन शब्दांमधली फट आपल्याला जाणवत नाही.

पण जगात असे लोक आहेत की ज्यांचं सगळं आयुष्य या फटीत जातं. त्यांच्याकडे भाषा असते, भूमी असते, इतिहास असतो, सणवार असतात, आपण एक आहोत ही भावना असते. नसतं ते फक्त राज्य. स्पेनमधले कॅटलन आणि बास्क, ब्रिटनमधले स्कॉटिश, परागंदा झालेले तिबेटी अशी अनेक नावं सांगता येतील. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. आज मी तुम्हाला त्यांतल्या सर्वांत मोठ्या समाजाविषयी, म्हणजे कुर्दांविषयी सांगणार आहे.

कुर्द किती आहेत? साधारण तीन ते चार कोटी, असा अंदाज दिला जातो. अंदाज म्हणायचं कारण असं, की ज्या देशांत ते राहतात त्यांना कुर्दांची स्वतंत्र मोजदाद करण्यात कधी रस नव्हता. २०११च्या जनगणनेत आपल्या केरळची लोकसंख्या तीन कोटी चौतीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे एका अख्ख्या केरळएवढा किंवा त्याहूनही मोठा समाज आहे, पण जगाच्या राजकीय नकाशावर त्याच्या नावाचा स्वतंत्र रंग नाही.

बातम्यांमध्ये आपण 'आग्नेय तुर्कस्तान', 'उत्तर इराक', 'वायव्य इराण' आणि 'ईशान्य सीरिया' असे शब्द ऐकतो. घरी नकाशा असेल तर हे चार कोपरे बोटानं जोडून पाहा. ते एकमेकांना चिकटलेले आहेत. चार देशांच्या या चार कडा म्हणजे कुर्दांच्या दृष्टीनं एकाच मुलखाचा मधला भाग आहे. झाग्रोस आणि टॉरस पर्वतांचा हा मुलूख. टायग्रिस नदी याच डोंगरांमधून खाली उतरते. धर्मयुद्धांच्या काळात जेरुसलेम जिंकणारा सुलतान सलाहुद्दीन कुर्द होता. पण त्यानं साम्राज्य उभारलं ते इजिप्त आणि सीरियाचं. कुर्दांचं राज्य त्यानं स्थापन केलं नाही.

कुर्द बहुतांशी सुन्नी मुसलमान आहेत. पण त्यांच्यात शिया आहेत, अलेवी आहेत आणि यझिदीही आहेत. भाषेच्या मुख्य बोली दोन : कुर्मांजी आणि सोरानी. पहिली बव्हंशी रोमन लिपीत लिहिली जाते, दुसरी अरबी लिपीत. एका समाजाच्या दोन भागांना एकमेकांचं लेखन सहज वाचता येऊ नये, यातच त्यांच्या इतिहासाचं सार आलं.

मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवत असताना इराकमधल्या सुलेमानिया शहरातला एक विद्यार्थी माझ्याकडे येत असे. तो मराठी शिकायचा प्रयत्न करत होता. 'तुझं नाव काय?' हे वाक्य त्याला कुणी तरी शिकवलं, तेव्हा तो खुशीनं मला म्हणाला, "सर, 'नाव' हा तर आमचाच शब्द आहे!" आणि ते खरं आहे. त्याच्या भाषेतही नावाला 'नाव'च म्हणतात. कुर्दी ही इराणी कुळातली भाषा. ती अरबीला किंवा तुर्कीला जवळची नाही. आपल्या भाषांशी तिचं लांबचं नातं आहे. दिवसाला ते 'रोझ' म्हणतात. आपल्याकडे 'रोज' हा शब्द फारसीतून आला, त्याचंच हे भावंड.

याच मुलाचा एक अर्ज एकदा माझ्या सहीसाठी आला. 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात त्यानं 'इराकी' लिहिलं होतं आणि शेजारी कंसात बारीक अक्षरात 'कुर्द'. कचेरीतल्या कारकुनानं तो कंस खोडून टाकला होता. कारकुनाचं तरी काय चुकलं? पासपोर्टावर जे छापलेलं असतं तेच रकान्यात लिहायचं, हा नियम. तो मुलगाही चिडला नाही. तो एवढंच म्हणाला, की आमच्या बाबतीत हे नेहमीच होतं, फक्त इतर ठिकाणी शाई लाल असते. १९९१मध्ये सैन्याच्या भीतीनं त्याचं सगळं कुटुंब बर्फातून डोंगर चढून इराणच्या सीमेकडे पळालं होतं. तेव्हा तो आईच्या पाठीवर बांधलेला होता.

आता हे सगळं झालं कसं, ते पाहू. आपण वेगळे आहोत, ही जाणीव कुर्दांमध्ये कालपरवाची नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस अहमद खानी या कवीनं 'मेम ऊ झीन' हे प्रेमकाव्य लिहिलं. कुर्दांमध्ये एकी नाही, म्हणून त्यांना स्वतःचा राजा नाही, अशी खंत त्यानं त्याच्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. पहिलं कुर्दी वृत्तपत्र २२ एप्रिल १८९८ रोजी निघालं. त्याचं नाव 'कुर्दिस्तान'. पण ते निघालं कुठे? कैरोमध्ये! आपल्या मुलखाचं नाव असलेलं वर्तमानपत्र परमुलखात छापावं लागलं. आजही कुर्द पत्रकार २२ एप्रिल हा आपला दिवस मानतात.

त्या वेळी बहुतेक कुर्द ऑटोमन साम्राज्यात होते, काही इराणच्या राज्यात. पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्क हरले आणि त्यांच्या साम्राज्याची वाटणी सुरू झाली. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तर १९१६मध्येच गुपचूप आपापले हिस्से ठरवून ठेवले होते. जानेवारी १९१८मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी आपली प्रसिद्ध चौदा सूत्रं मांडली. तुर्की अमलाखालच्या इतर समाजांना स्वायत्त विकासाची संधी मिळावी, असं त्यातल्या बाराव्या सूत्रात होतं. १० ऑगस्ट १९२० रोजी सेव्हर इथे तह झाला. त्याच्या ६२ ते ६४ या कलमांमध्ये कुर्दांना आधी स्वायत्तता आणि पुढे, त्यांची इच्छा असल्यास, स्वातंत्र्य मिळण्याची तरतूद होती. कुर्दांच्या हाती आलेला हा पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय कागद.

तो कागदच राहिला. मुस्तफा केमाल पाशाच्या फौजांनी तुर्कस्तानात बाजी उलटवली आणि २४ जुलै १९२३ रोजी लोझान इथे नवा तह झाला. त्यात कुर्दिस्तानचा उल्लेखही नव्हता. तीन वर्षांपूर्वी ज्यांना देश देऊ केला होता, त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. मधल्या काळात सुलेमानियाच्या शेख महमूद बरझंजी यांनी स्वतःला कुर्दिस्तानचा राजा घोषित केलं होतं. ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकून त्यांचं राज्य मोडून काढलं. मोसुल प्रांतात तेल होतं आणि तो प्रांत ब्रिटिशांना आपल्या ताब्यातल्या इराकमध्ये हवा होता.

म्हणजे एका घराच्या चार भिंती चार शेजाऱ्यांनी वाटून घेतल्या. पुढच्या शंभर वर्षांत या चारही ठिकाणी कुर्दांना वेगवेगळे अनुभव आले.

तुर्कस्तानात प्रश्न उभा राहिला तो नावाचाच. नव्या तुर्की प्रजासत्ताकात सगळे तुर्कच, अशी भूमिका होती. कुर्दांना 'डोंगरी तुर्क' म्हटलं जाऊ लागलं. शेख सैद यांचा १९२५चा उठाव चिरडला गेला आणि त्यांना दियारबकीरमध्ये फाशी दिलं गेलं. देर्सिम प्रांताचं नाव १९३५मध्ये बदलून तुंजेली करण्यात आलं आणि १९३७-३८मध्ये तिथे भीषण लष्करी कारवाई झाली. २०११मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनी तिच्याबद्दल जाहीर माफी मागितली. १९८३च्या एका कायद्यानं कुर्दी भाषेत प्रकाशनाला बंदी घातली. तो १९९१मध्ये रद्द झाला. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं कुर्दीत आहेत, तुर्की वर्णमालेत नाहीत. त्यामुळे ती असलेलं नाव मुलाला ठेवलं तर सरकारदरबारी त्याची नोंद होत नसे. २०१३मध्ये ही अडचण दूर झाली. तीन अक्षरांसाठी एवढा काळ लागला!

१९९१मध्ये लैला झाना ही तरुणी तुर्की संसदेवर निवडून आली. केसांना कुर्दी रंगांची पट्टी बांधून तिनं नियमाप्रमाणे तुर्कीत शपथ घेतली आणि शेवटी कुर्दीत एक वाक्य उच्चारलं. तुर्क आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाचं ते वाक्य होतं. सभागृहात गदारोळ झाला. पुढे १९९४मध्ये तिला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आरोप फुटीरतावाद्यांशी संबंधांचे होते. पण त्या एका वाक्याची आठवण कुणीच विसरलं नव्हतं. ती २००४मध्ये सुटली. आणि १ जानेवारी २००९ रोजी तुर्की सरकारनंच चोवीस तास चालणारी कुर्दी दूरचित्रवाहिनी सुरू केली.

या दोन टोकांच्या मध्ये फार रक्त सांडलं. अब्दुल्ला ओजालान यांनी १९७८मध्ये 'पीकेके' हा पक्ष स्थापन केला आणि ऑगस्ट १९८४पासून सशस्त्र लढा पुकारला. या पक्षाला तुर्कस्तान, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी दहशतवादी ठरवलं. त्यानं सैनिक मारले, तसे गावोगावचे शिक्षक आणि सरकारशी सहकार्य करणारे कुर्दही मारले. सरकारनं हजारो खेडी रिकामी केली. मृतांचा आकडा चाळीस हजारांच्या आसपास सांगितला जातो.

इराणमध्ये कुर्दांना अगदी थोडे महिने स्वतःचं राज्य मिळालं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर इराणमध्ये रशियन फौजा होत्या. त्यांच्या आश्रयानं २२ जानेवारी १९४६ रोजी महाबाद या शहरात काझी मुहम्मद यांनी कुर्दी प्रजासत्ताक जाहीर केलं. कुर्दी राजभाषा झाली, कुर्दी वर्तमानपत्र निघालं. इराणनं तेलाच्या सवलतीचं आश्वासन दिलं, रशियन सैन्य माघारी गेलं आणि डिसेंबरमध्ये इराणी फौजा महाबादमध्ये शिरल्या. ३१ मार्च १९४७ रोजी काझी मुहम्मद यांना फाशी दिलं गेलं. ज्या चौकात प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती, त्याच चौकात. त्यांचे एक सेनानी मुल्ला मुस्तफा बर्झानी काही शे सैनिकांनिशी डोंगर ओलांडून सोविएत हद्दीत गेले. ते परत आले ते अकरा वर्षांनी.

अगदी अलीकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये महसा अमिनी ही तरुणी हिजाबच्या नियमावरून झालेल्या अटकेनंतर मरण पावली. ती कुर्दिस्तान प्रांतातल्या सक्केझची. घरी तिला 'जिना' म्हणत. 'महसा' हे सरकारी कागदावरचं नाव. 'जिन, जियान, आझादी', म्हणजे 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य', ही घोषणा त्या वेळी जगभर गेली. ती मूळची कुर्दी घोषणा आहे, हे मात्र फार थोड्यांच्या कानी गेलं.

सीरियातली गोष्ट कागदाची आहे. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी तिथल्या हसाके प्रांतात एका दिवसात जनगणना उरकण्यात आली. १९४५पूर्वीपासून इथे राहत असल्याचा पुरावा दाखवा, नाही तर तुम्ही परकीय, असा प्रकार होता. सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचं नागरिकत्व एका फटक्यात गेलं. मग त्यांच्या मुलांनाही ते मिळालं नाही, नातवंडांनाही नाही. जमीन नावावर होईना, पासपोर्ट मिळेना, सरकारी नोकरी मिळेना. राष्ट्राला राज्य नव्हतंच. आता माणसालाही राज्य उरलं नाही. २०११मध्ये बंडाचा वणवा पेटल्यावर अध्यक्ष असद यांना या लोकांची आठवण झाली आणि त्यातल्या अनेकांना नागरिकत्व देणारा हुकूम निघाला. पुढे 'इस्लामिक स्टेट'च्या विरोधात कोबानी शहर कुर्द स्त्री-पुरुषांनी कसं लढवलं, ते २०१४-१५मध्ये जगानं पाहिलं. असद यांची राजवट डिसेंबर २०२४मध्ये कोसळली. १० मार्च २०२५ रोजी कुर्दांच्या नेतृत्वाखालील सैन्यानं दमास्कसच्या नव्या सरकारशी एकत्रीकरणाचा करार केला. तो अमलात आणताना पुन्हा चकमकी झडल्या.

आणि इराक. कुर्द स्वातंत्र्याच्या सर्वांत जवळ पोचले ते इथे आणि सर्वांत मोठा घातही त्यांनी इथेच पाहिला. ११ मार्च १९७०च्या करारानं बगदादनं त्यांना स्वायत्तता कबूल केली होती. किर्कूकच्या तेलावर गाडं अडलं. पुन्हा लढाई सुरू झाली, तेव्हा इराणचा शहा आणि अमेरिका यांनी बर्झानींना शस्त्रं दिली. मग ६ मार्च १९७५ रोजी अल्जिअर्स इथे शहा आणि सद्दाम हुसेन यांनी हात मिळवले. सद्दामनं शत्त-अल-अरब नदीतला सीमेचा हट्ट सोडला, शहानं कुर्दांना सोडलं. मदत बंद झाली आणि पाहता पाहता सगळा लढा कोसळला. गरज सरो, वैद्य मरो! 'डोंगरांखेरीज आम्हाला मित्र नाही' अशी कुर्दांची म्हण आहे. ती अशा अनुभवांतूनच रुजली.

१९८८मध्ये सद्दामच्या राजवटीनं 'अन्फाल' नावाची मोहीम चालवली. खेडीच्या खेडी जमीनदोस्त केली, पुरुषांना वाळवंटात नेऊन गोळ्या घातल्या. मानवी हक्क संघटनांच्या हिशेबानं पन्नास हजार ते एक लाख माणसं मारली गेली. कुर्द हा आकडा एक लाख ब्याऐंशी हजार सांगतात. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा गावावर विषारी वायूचे बॉम्ब पडले. सुमारे पाच हजार माणसं गेली. हवेत सफरचंदासारखा वास आला होता, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. त्या वेळी इराण-इराक युद्ध चालू होतं आणि सद्दाम अनेकांना हवा होता. जग बराच काळ गप्प राहिलं.

१९९१च्या आखाती युद्धानंतर कुर्दांनी उठाव केला, तो फसला आणि दहा लाखांहून अधिक लोक डोंगरांकडे पळाले. माझा विद्यार्थी आईच्या पाठीवर होता तो हाच प्रसंग. त्या वेळी मात्र दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिथे होते. ५ एप्रिलला सुरक्षा समितीनं ६८८ क्रमांकाचा ठराव केला, उत्तर इराकवर सद्दामच्या विमानांना मनाई झाली आणि त्या छत्राखाली १९९२मध्ये कुर्दांनी आपली निवडणूक घेतली. पण बर्झानी आणि तालाबानी यांचे दोन पक्ष १९९४पासून चार वर्षं एकमेकांशीच लढले. अहमद खानीची खंत तीनशे वर्षांनीही शिळी झाली नव्हती. पुढे २००५च्या इराकी राज्यघटनेनं कुर्दिस्तान प्रदेशाला मान्यता दिली आणि जलाल तालाबानी हे कुर्द नेते इराकचे अध्यक्ष झाले.

मग आला २५ सप्टेंबर २०१७. इराकी कुर्दिस्तानात सार्वमत झालं. स्वतंत्र देश हवा का, हा प्रश्न मतपत्रिकेवर चार भाषांमध्ये छापला होता. सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि जवळजवळ ९३ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. लोकशाहीत याहून स्पष्ट कौल कुठला असणार? पण बगदादनं तो बेकायदा ठरवला. तुर्कस्तान आणि इराण यांनी डोळे वटारले. अमेरिका आणि ब्रिटन आधीपासून 'आत्ता नको' म्हणत होते. एर्बिल आणि सुलेमानियाच्या विमानतळांवरची आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद झाली. १६ ऑक्टोबरला इराकी फौजांनी किर्कूक परत घेतलं आणि नोव्हेंबर उजाडताच मसूद बर्झानी अध्यक्षपदावरून पायउतार झाले. सार्वमतानंतर तीन आठवड्यांत तेल गेलं, शहर गेलं. गंमत म्हणजे या सार्वमतानंतर सहाच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, स्पेनमध्ये कॅटलोनियानं सार्वमत घेतलं. त्याचीही गत तीच झाली.

मग देश होतो तरी कसा? १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात चार अटी सांगितल्या आहेत : स्थिर लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. इराकी कुर्दिस्तानाकडे भूप्रदेशाच्या वादग्रस्त सीमा सोडल्या तर हे बरंचसं होतं. नव्हती ती न लिहिलेली पाचवी अट : ज्या घरातून बाहेर पडायचं, त्या घराची संमती. १९९९मध्ये इंडोनेशिया मतदानाला तयार झाला म्हणून पूर्व तिमोर २००२मध्ये स्वतंत्र झाला. २००५च्या शांतता करारात सुदाननं मान्य केलं म्हणून २०११मध्ये दक्षिण सुदान जन्मला आणि संयुक्त राष्ट्रांचा १९३वा सदस्य झाला. स्कॉटलंडला २०१४मध्ये मत देता आलं, कारण लंडननं तसा करार केला होता. तिथे ५५ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत जनसमूहांचा स्वयंनिर्णय आहे आणि देशांची प्रादेशिक अखंडताही आहे. दोन्ही तत्त्वं एकाच सनदेत सुखानं नांदतात. पण प्रत्यक्षात भांडण झालं की निकाल बहुधा दुसऱ्या तत्त्वाच्या बाजूनं लागतो. कारण निवाडा करणारे सगळे आधीच देश असलेले असतात.

यात आपणही आलो. भारतानं १९७९मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तेव्हा स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांना लागू होतो, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला नाही, असं लिहून दिलं. १९७१मध्ये बांगलादेशाच्या पाठीशी आपण उभे राहिलो. पण कोसोव्होला मान्यता दिली नाही. एर्बिलमध्ये २०१६मध्ये आपण वाणिज्य दूतावास उघडला. पण आपली मैत्री अखंड इराकशीच राहिली. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मी म्हणेन की प्रत्येक देश दुसऱ्याच्या घराचं दार उघडताना आपल्या घरच्या कडीकडे एक नजर ठेवतो.

आणि विरोधी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. किर्कूकमध्ये अरब आणि तुर्कमेनही राहतात. कुर्दांचा देश झाला तर त्यांचं काय, हा त्यांचा सवाल रास्त आहे. प्रत्येक नव्या देशात नवे अल्पसंख्य तयार होतात. दक्षिण सुदानमध्ये स्वातंत्र्याची अडीच वर्षंही पुरी होण्याआधी, डिसेंबर २०१३मध्ये, यादवी पेटली. झेंडा फडकला की सुटका झाली, असं नाही. कुर्दिस्तानला समुद्र नाही. त्याचं तेल तुर्कस्तानातल्या जेहानपर्यंत नळानं न्यावं लागतं. हा नळ मार्च २०२३मध्ये बंद झाला, तो सप्टेंबर २०२५मध्ये पुन्हा सुरू झाला. अडीच वर्षं पगारांची ओढाताण झाली. शेजाऱ्यांशी वैर धरून असा देश एक हिवाळासुद्धा काढू शकणार नाही, हे तिथल्या सामान्य माणसालाही कळतं.

मग उरतो तो मधला रस्ता. आपल्याला तो ओळखीचा आहे. भाषावार प्रांतरचनेला सुरुवातीला दिल्लीचा विरोध होता, त्यानं देश फुटेल अशी भीती होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं हुतात्मा झाली आणि १ मे १९६० रोजी मराठी माणसाला आपलं राज्य मिळालं. देश फुटला नाही. उलट आपल्या भाषेत कारभार होऊ लागल्यानं तो अधिक आपला झाला. मराठी आणि कुर्दी यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट यातून घेण्यासारखी आहे : भाषेला आणि नावाला आत जागा दिली, की बाहेर पडण्याची निकड कमी होते. तुर्कस्तानात १९२५पासून जे झालं, ते याच्या नेमकं उलट होतं.

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी इम्राली बेटावरच्या तुरुंगातून, सव्वीस वर्षांच्या कैदेनंतर, ओजालान यांनी आपल्या पक्षाला शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. मे महिन्यात पक्षानं विसर्जन जाहीर केलं आणि ११ जुलैला सुलेमानियाजवळ त्याच्या काही स्त्री-पुरुष सैनिकांनी आपल्या बंदुका एका मोठ्या कढईत ठेवून जाळल्या. स्वतंत्र देशाची मागणी तर त्यांनी कितीतरी आधीच मागे ठेवली होती. उरली होती ती समान नागरिक म्हणून, पण कुर्द म्हणून, जगू देण्याची मागणी. बंदूक ठेवणाऱ्याच्या हाती त्या बदल्यात काय पडतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. शाळेत कुर्दी मिळाली, निवडून दिलेला महापौर खुर्चीवर राहू दिला, तर ती राख शांततेची ठरेल. नाही तर आज शाळेत असलेल्या पोरांना पुन्हा डोंगर दिसू लागतील.

मला विचाराल, तर कुर्दांचा स्वतंत्र देश माझ्या हयातीत होईल असं मला वाटत नाही. तो व्हावा की न व्हावा, हे ठरवण्याचा अधिकारही तुमचा-माझा नाही. पण मूल जन्मल्यावर आईनं ठेवलेलं नाव सरकारी कागदावर जसंच्या तसं उमटावं, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पुरी करायला कुठल्याही देशाला आपली एक इंचही जमीन द्यावी लागत नाही. जिथे ती पुरी झाली नाही, तिथे लोकांनी जमिनीचा हिशेब मागायला सुरुवात केली. राज्यकर्त्यांनी एवढी एक गोष्ट वेळेवर ओळखली असती, तर कितीतरी माणसं आज आपल्या गावी, आपल्या घरी असती.